डॉक्टर, लग्नाला परवानगी आहे ना?

रानवाटा (धागाकर्ती)

मी जनुकीय समुपदेशनाचं काम करते. गेल्या महिन्यात एक जोडपं आलं होतं. लग्न ठरलेलं, तारीख धरायची बाकी. दोघांनी आपणहून थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करून घेतली होती. मुलीचं एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, वाहकांत तो वाढलेला असतो) ५.४ टक्के, म्हणजे ती वाहक: सदोष जनुक अंगात, पण स्वतः आजारी नाही. मुलाचं २.६, म्हणजे तो वाहक नाही. एकच जोडीदार वाहक असेल तर होणाऱ्या बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आजाराचं गंभीर रूप, होत नाही, फार तर बाळही वाहक निघेल. नेहमीप्रमाणे कागदावर चार चौकोन काढून मी हे समजावून सांगितलं. मुलाच्या आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "म्हणजे डॉक्टर, लग्नाला तुमची परवानगी आहे ना?"

मी डॉक्टर नाही हे त्यांना सांगितलं. परवानगी देणारी मी कोणी नाही, हेही सांगितलं. पण मुलगी तोपर्यंत रिपोर्टची घडी घालत होती. एक घडी, दुसरी, तिसरी. शेवटी तो कागद काडेपेटीएवढा झाला आणि तिने तो मुठीत धरला. आम्हा कुणालाही तो पुन्हा दिसू नये, असं तिला वाटत असावं.

तेव्हापासून "परवानगी" हा शब्द डोक्यातून जात नाहीये. त्या बाईंचा यात काही दोष नाही. लग्नाआधी डॉक्टरची संमती लागते ही कल्पना जगभरच्या कायद्यांनी शंभर-सव्वाशे वर्षं रुजवलेली आहे. त्याबद्दल लिहावं म्हणून हा धागा.

'युजेनिक्स' हा शब्द फ्रान्सिस गॉल्टनने १८८३ मध्ये घडवला. तो चार्ल्स डार्विनचा नातलग. आपल्याकडे त्याला सुप्रजननशास्त्र म्हणू लागले. चांगल्या कुळातल्या लोकांना जास्त मुलं व्हावीत, "हलक्या" रक्ताच्या लोकांना कमी, हा त्याचा गाभा. चांगलं कोण आणि हलकं कोण हे ठरवणारे अर्थातच स्वतःला पहिल्या गटात धरत होते. हा विचार पुस्तकातून बाहेर पडून कायद्यात शिरला तो मात्र बव्हंशी लग्नाच्या दारातून.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने १८९५ मध्ये कायदा केला: अपस्माराचा (फिट्स येण्याच्या आजाराचा) रुग्ण, किंवा कायद्याच्या भाषेत "मंदबुद्धी" असलेली व्यक्ती यांना लग्न करता येणार नाही, नवरा-बायकोसारखं एकत्र राहताही येणार नाही. मोडल्यास किमान ३ वर्षं तुरुंगवास. त्यात एक अट होती, स्त्रीचं वय ४५ च्या आत असेल तर. हे वाचलं तेव्हा मी थांबलेच. ४५ नंतर तीच बाई, तोच आजार, आणि सरकारची काही हरकत नाही. म्हणजे तिचा सहवास, तिचा संसार, तिचं कुणावर प्रेम असणं यांच्याशी कायद्याला कर्तव्यच नव्हतं. त्याला फक्त तिचं गर्भाशय दिसत होतं.

विस्कॉन्सिनने १९१३ मध्ये वेगळी वाट घेतली. तिथे लग्नाचा परवाना हवा असेल तर पुरुषाने गुप्तरोग नसल्याचा डॉक्टरी दाखला आणायचा. फक्त पुरुषाने. बायकांना तपासणीला पाठवणं असभ्य वाटत होतं, आणि रोग घरात आणतो तो पुरुषच, असंही गृहीत होतं. डॉक्टरची फी जास्तीत जास्त ३ डॉलर ठरवली. उपदंश (सिफिलिस) या गुप्तरोगासाठी तेव्हा वासरमान ही रक्तचाचणी होती, तिला प्रयोगशाळा लागायची आणि ३ डॉलरमध्ये ती होण्यासारखी नव्हती. बऱ्याच डॉक्टरांनी दाखले द्यायलाच नकार दिला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९१४ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि वासरमान चाचणी बंधनकारक नाही असा अर्थ लावला. मग राहिलं काय? वरवरची तपासणी, एक सही आणि खरा आजार दिसो न दिसो, हातात सरकारी दाखला.

आता व्हर्जिनिया. २० मार्च १९२४ या एकाच दिवशी तिथे दोन कायद्यांवर सह्या झाल्या. एकाने गोऱ्यांना इतर वंशांत लग्न करायला बंदी घातली. दुसऱ्याने संस्थांमध्ये ठेवलेल्या "सदोष" लोकांची सक्तीने नसबंदी करायची मुभा दिली. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते. पहिला कायदा कुणी कुणाशी लग्न करायचं ते सांगतो, दुसरा कुणी मूलच जन्माला घालायचं नाही ते सांगतो, आणि दोन्हींच्या मागे एकच विचार.

दुसऱ्या कायद्याची चाचणी म्हणून कॅरी बक या मुलीचं नाव पुढे केलं गेलं. ती ज्या घरात वाढली त्या घरच्या एका नातलगाने तिच्यावर बलात्कार केला, दिवस गेले, आणि घरच्यांनी अब्रू झाकायला तिला मंदबुद्धी ठरवून संस्थेत टाकलं. तिची आई आधीच तिथे होती. कॅरीची मुलगी व्हिव्हियन काही महिन्यांची असताना एका समाजसेविकेने तिला बघून साक्ष दिली की हे बाळही काही बरोबर दिसत नाही. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी नसबंदीला मान्यता दिली. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं, मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. व्हिव्हियन पुढे शाळेत गेली, गुणवंतांच्या यादीत तिचं नाव लागलं, आणि आठव्या वर्षी ती आजारपणात गेली. कॅरीने नंतर लग्न केलं, दुसऱ्यांदाही केलं. मूल तिला होणारच नव्हतं. अमेरिकेत अशा कायद्यांखाली ६०,००० हून जास्त लोकांची नसबंदी झाली, त्यातली सुमारे २०,००० एकट्या कॅलिफोर्नियात.

जर्मनीतल्या नाझी राजवटीने १४ जुलै १९३३ ला नसबंदीचा कायदा केला तेव्हा अमेरिकेतले हे नमुने त्यांच्यासमोर होते. असा नमुना कायदा लिहिणाऱ्या हॅरी लॉफलिनला १९३६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. त्याच्या मसुद्यातल्या यादीत अपस्मार होता, आणि त्याला स्वतःलाही अपस्माराचे झटके येत. जर्मनीत एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर मिळून निकाल द्यायचे. सुमारे ४,००,००० लोकांची नसबंदी झाली. ऑक्टोबर १९३५ मध्ये विवाहस्वास्थ्याचा कायदा आला: लग्नाला योग्य असल्याचा आरोग्य खात्याचा दाखला. आनुवंशिक आजार असेल तर लग्नाला मनाई, पण दुसरा जोडीदार वंध्य असेल तर ही मनाई लागू नाही. कनेक्टिकटची ४५ वर्षांची अट आठवा. चाळीस वर्षांचं अंतर, मधे महासागर, आणि तर्क तोच.

मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. सल्ला कुठे संपतो आणि परवानगी कुठे सुरू होते? कुणाच्या घरी, कामाच्या ठिकाणी असे अनुभव असतील तर जरूर लिहा.

अंकगणित

उत्तम धागा. नैतिकतेचा मुद्दा तुम्ही मांडलाच आहे. मी गणिताचा शिक्षक, म्हणून फक्त हिशेब मांडतो, कारण हा सगळा उपद्व्याप स्वतःच्या हिशेबातही बसत नव्हता.

समजा, एखादा अप्रभावी आनुवंशिक आजार १०,००० मध्ये एकाला होतो. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच तो होतो. मग त्या जनुकाचं प्रमाण १०० मध्ये १. त्यावरून वाहक किती ते काढा: दर १०,००० मध्ये साधारण १९८. आजारी माणूस एक, आणि तेच जनुक घेऊन धडधाकट फिरणारे १९८. आता त्या एकाला लग्न करू दिलं नाही, किंवा त्याची नसबंदी केली. उरलेल्या १९८ जणांचं काय? त्यांचा तर पत्ताही तेव्हा लागत नव्हता.

पुढच्या प्रत्येक पिढीत एकाही रुग्णाला मूल होऊ दिलं नाही असं धरू. जनुकाचं प्रमाण १ टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर यायला १०० पिढ्या लागतात. २५ वर्षांची पिढी धरली तर २,५०० वर्षं. इतकं करून आजार १०,००० मध्ये एकाऐवजी ४०,००० मध्ये एकाला होणार.

हे गणित नंतर सुचलेलं शहाणपण नाही. हार्डी आणि वाइनबर्ग यांचं सूत्र १९०८ चं आहे. केंब्रिजच्या पनेटने १९१७ मध्येच "मंदबुद्धी" नाहीशी करायला किती पिढ्या लागतील याचा हिशेब छापला होता, आणि उत्तर शेकड्यांत आलं होतं. रानवाटा, तुम्ही जे चार चौकोन काढता ते याच पनेटचे. म्हणजे कॅरी बकचा निकाल लागला त्याच्या दहा वर्षं आधी हे छापून आलेलं होतं. शिवाय मंदबुद्धी हे काही एका जनुकाचं लक्षण नव्हे, ती गोष्ट वेगळीच.

नीलमोहर

वाचत होते, पण कनेक्टिकटच्या परिच्छेदानंतर लिहिल्याशिवाय राहवेना.

माझ्या मावशीला नवव्या वर्षापासून फिट्स येत. गार्डिनलच्या गोळ्या चालू होत्या आणि त्यावर ती वर्षानुवर्षं ठीक असायची. १९८४ मध्ये तिचं लग्न झालं. आजीने सासरच्यांना काही सांगितलं नव्हतं. गोळ्या पावडरच्या डब्यात तळाशी, वर कापूस, त्यावर पावडर, अशा भरून दिल्या होत्या. लग्नाच्या गडबडीत, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, तो डबा उघडायला मावशीला पाच मिनिटांचा एकांत मिळेना. पाच दिवस गोळी पोटात गेली नाही. आठव्या दिवशी स्वयंपाकघरात फिट आली.

पुढे कोर्ट. घटस्फोट नव्हे, लग्नच रद्दबातल करण्याचा दावा. मी तेव्हा बारा वर्षांची होते, आईबरोबर दोन-तीनदा गेले. तिच्या डॉक्टरांना साक्षीला बोलावलं होतं. औषध नियमित घेतलं तर ती सर्वसाधारण आयुष्य जगू शकते, असं ते सांगू लागले, तर समोरच्या वकिलांनी थांबवून विचारलं, "झटके पुन्हा पुन्हा येतात की नाही, एवढंच सांगा." ते म्हणाले, येतात. संपलं.

लपवलं ते चुकलंच, हे आजीही शेवटपर्यंत म्हणायची. पण सांगितलं असतं तर लग्नच झालं नसतं, आणि लपवलं तर कायदा ते मोडतो. दोन्हीकडून तीच अडकत होती. माझ्या मते त्या कायद्यानेच डब्यात गोळ्या लपवायला शिकवलं.

मावशी एक डायरी ठेवायची, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी झोप किती झाली होती. ती गेल्यावर मी चाळली. आयुष्यातली शेवटची एकोणीस वर्षं एकही नोंद नाही. तरी दर वर्षी १ जानेवारीला तिने नवीन साल घालून पान आखून ठेवलेलं आहे.

सातबारा

नीलमोहर, वाचून सुन्न झालो. मी वकिली करतो, तुमच्या मावशीच्या दाव्यामागचं कलम नेमकं कोणतं ते सांगतो.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुळात फक्त "वेडा किंवा जडबुद्धी नसावा" अशा धर्तीची अट होती. अपस्माराचा शब्द त्यात १९७६ च्या दुरुस्तीने आला: वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणारी व्यक्ती लग्नाला अपात्र. विशेष विवाह कायद्यातही तसंच. म्हणजे औषधं उपलब्ध होती, आजार आटोक्यात राहतो हे माहीत होतं, त्या काळात आपण हे कलम घातलं. १९९९ मध्ये अपस्मार वगळला गेला. तेवीस वर्षांत किती निकाल या एका शब्दावर लागले असतील. अमेरिकेतही १९५६ पर्यंत १७ राज्यांत अपस्माराच्या रुग्णांना लग्नाची बंदी होती, शेवटच्या राज्याने ती १९८० मध्ये उठवली. स्वीडनमध्ये तर अशी बंदी १७५७ पासूनची.

कुष्ठरोगाचंही असंच. बहुविध औषधोपचाराने १९८० च्या दशकापासून तो पूर्ण बरा होतो. घटस्फोटाच्या कारणांतून तो वगळला गेला २०१९ मध्ये.

आणखी एक प्रकरण या धाग्यात यायलाच हवं. एका डॉक्टरने नातलगाच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त दिलं, तपासणीत त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. ही माहिती रुग्णालयातून बाहेर गेली आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. गोपनीयता मोडली म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९८ मध्ये न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला, आणि त्यापुढे जाऊन म्हटलं की अशा माणसाचा लग्नाचा हक्क बरा होईपर्यंत स्थगित राहतो. जोडीदार सगळं जाणून तयार असेल तर? तो प्रश्नच त्यात नव्हता. २००२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही विधानं अनावश्यक म्हणून बाजूला ठेवली. त्या मधल्या चार वर्षांत किती जणांनी स्वतःहून माघार घेतली असेल, याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: जोडीदाराला खरं कळणं हा त्याचा हक्क. त्यानंतरचा निर्णय त्या दोघांचा. मधे सरकारची सही आली की ती परवानगी.

एक_बाबा

मी वेगळं बोलणार आहे, कृपया समजून घ्या.

माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. चौदा वर्षांचा आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आदल्या दिवशी जुळवणीसाठी नमुना द्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोचायचं, संध्याकाळी परत. रक्तातून साठणारं लोह काढायला रोज औषध. हाताच्या शिरा आता सहज सापडत नाहीत. एक सिस्टर आहेत, त्यांनाच पहिल्या टोचण्यात सापडते, त्या सुट्टीवर असल्या की मुलाचा चेहरा पडतो.

आम्हा दोघांनाही आपण वाहक आहोत हे माहीत नव्हतं. एक साधी रक्ततपासणी होती, कुणी सांगितलीच नाही. लग्नाआधी ती सक्तीची असती तर? तुम्ही सगळे सक्तीच्या विरुद्ध लिहिताय, आणि जर्मनीचं वाचून माझ्याही अंगावर काटा येतो. पण मी सक्तीचं नाव काढलं की मला त्याच माणसांच्या ओळीत बसवू नका. माझ्या मुलावर माझा जीव आहे. तो नसता तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात एकदाही आलेलं नाही. त्याला हा त्रास नसता तर बरं झालं असतं, असं मात्र रोज येतं. या दोन वाक्यांत फरक आहे.

रानवाटा

एक_बाबा, तुमचं शेवटचं वाक्य मी माझ्या वहीत लिहून घेतलं आहे. तुम्हाला कुणी त्या ओळीत बसवणार नाही. उलट या धाग्यात तुमच्या मुद्द्याला सगळ्यात नीट उत्तर द्यायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही म्हणता ते एका देशात झालेलं आहे. सायप्रसमध्ये दर सात माणसांमागे एक थॅलेसेमियाचा वाहक. १९७० च्या दशकात डॉक्टरांना दिसत होतं की असंच चाललं तर पुरेसं रक्त आणि औषध देशाला परवडणार नाही. तपासणीची मोहीम सुरू झाली, आणि १९८० च्या दशकात तिथल्या चर्चने लग्नासाठी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. पण त्या दाखल्यावर काय असतं ते बघा: या दोघांची तपासणी झाली आहे आणि त्यांना समजावून सांगितलं आहे. बस. वाहक आहेत की नाहीत हे त्यावर नसतं. दोघं वाहक निघाले तरी लग्न लागतं. आणि दोघंही वाहक निघालेल्या जोडप्यांतल्या बहुतेकांनी लग्न केलंच, मग गरोदरपणात गर्भाची तपासणी करून घेतली. काही वर्षांत थॅलेसेमिया मेजरचे नवे जन्म जवळजवळ थांबले. विस्कॉन्सिनच्या दाखल्यावर डॉक्टर निकाल द्यायचा, इथे फक्त समजावल्याची खूण. कागद दोन्हीकडे एकच, पण फरक जमीनअस्मानाचा.

तरी मला सायप्रसबद्दलही पूर्ण निश्चिंत वाटत नाही. दाखल्याशिवाय लग्न नाही म्हटलं की तपासणीला नाही म्हणायची सोय संपली. शिवाय तिथे लोकसंख्या छोटी, आजार सगळ्यांच्या घरात, त्यामुळे वाहक असण्याचा डाग एका गटावर बसला नाही. तसं नसतं तेव्हा काय होतं ते अमेरिकेत १९७० च्या सुरुवातीला दिसलं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी काही राज्यांनी लग्नाच्या परवान्याशी किंवा शाळाप्रवेशाशी जोडली, आणि ती कुणाला लागू, तर कृष्णवर्णीयांना. वाहक आणि रुग्ण यांतला फरक कायदे लिहिणाऱ्यांनाच कळलेला नव्हता. धडधाकट वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. १९७२ च्या राष्ट्रीय कायद्याने तपासणी ऐच्छिक असेल तरच निधी, अशी अट घातली तेव्हा हे मागे हटलं. लायनस पॉलिंग, सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे १९४९ मध्ये दाखवणारा शास्त्रज्ञ, त्याने १९६८ मध्ये सुचवलं होतं की वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. त्याला दुःख टाळायचं होतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच ते वाचून मला जास्त भीती वाटते.

तिसरा एक नमुना ज्यू समाजातला. एका धर्मगुरूची चार मुलं टे-सॅक्स या जीवघेण्या आनुवंशिक आजाराने गेली. १९८३ मध्ये त्यांनी अशी व्यवस्था उभी केली की तरुणांची तपासणी होते, पण निकाल कुणालाच, त्या व्यक्तीलाही, सांगत नाहीत. फक्त एक क्रमांक मिळतो. स्थळ आलं की दोन्ही क्रमांक कळवायचे, दोघंही एकाच आजाराचे वाहक असतील तरच तसं सांगतात. कुणीही वाहक म्हणून ओळखलं जात नाही. मला यात स्वतःचीच माहिती स्वतःला न मिळणं खटकतं, पण त्या माणसाने डाग टाळायचा किती विचार केला आहे, हे नाकारता येत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: तपासणी सगळ्यांपर्यंत पोचवणं ही सक्ती व्हायला हवी, पण ती सरकारवर. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही चूक व्यवस्थेची होती. तुमच्या लग्नाची नव्हे.

अंकगणित

लग्नाशी सक्ती जोडली की लोक वाट काढतात, याचे आकडे आहेत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने १९८८ मध्ये लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची केली. पहिल्या ६ महिन्यांत ७०,८४६ जणांची चाचणी झाली. बाधित किती सापडले? ८. त्याच काळात राज्यातले लग्नाचे परवाने साधारण २२ टक्क्यांनी घटले, कारण जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न करू लागली. १९८९ मध्ये कायदा मागे घेतला.

फ्रान्सचं उदाहरण उलट टोकाचं आहे. लग्नपूर्व डॉक्टरी दाखला तिथे डिसेंबर १९४२ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळातल्या व्हिशी सरकारने आणला. युद्ध संपलं, ते सरकार गेलं, दाखला राहिला. तो रद्द झाला डिसेंबर २००७ मध्ये.

जुनी_पानं

या विषयात आपली माणसंही होती. ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये सुप्रजननाच्या चळवळीचा पुरस्कार करणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्याला अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. त्या काळात संततिनियमन आणि सुप्रजनन हे दोन विचार एकमेकांत इतके मिसळलेले होते की वाचताना कुठला कुठे सुरू होतो ते कळत नाही. बाईला किती मुलं हवीत हे तिने ठरवावं, हा एक विचार. कुठल्या बाईला मुलं व्हावीत हे समाजाने ठरवावं, हा त्याच्या अगदी उलट. तरी दोन्हींना साधनं तीच लागत होती, म्हणून माणसं एका व्यासपीठावर आली.

दुसरं नाव इरावती कर्वे. त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. मानववंश, आनुवंशिकी आणि सुप्रजनन यांसाठीची कैसर विल्हेल्म संस्था वर्षभरापूर्वीच उघडली होती आणि ऑयगेन फिशर तिचे संचालक. या फिशरनी नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र संततीच्या कुटुंबांवर अभ्यास केलेला. त्या वसाहतीत १९०५ पासून गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांना बंदी होती. इरावतीबाईंना त्यांनी कवट्यांच्या असमानतेवर काम दिलं. अपेक्षा अशी की गोऱ्यांच्या कवटीची डावी-उजवी बाजू वेगळी निघेल, आणि त्यातून त्यांची बुद्धी श्रेष्ठ असल्याचं दिसेल. बाईंनी कवट्या मोजल्या. वंशागणिक असा काही फरक त्यांना सापडला नाही, आणि तसंच त्यांनी प्रबंधात मांडलं. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, विशीतल्या एका विद्यार्थिनीने. हातात मोजपट्टी असणाऱ्या माणसाने काय करावं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पाऊलवाट

जपानबद्दल थोडं. मी तिथे अकरा वर्षं होते, हा विषय वर्तमानपत्रांत सतत असायचा.

तिथल्या कुष्ठरुग्णांना कायमचं वसाहतींत ठेवत. १९१५ मध्ये टोकियोजवळच्या एका वसाहतीत मित्सुदा केन्सुके या डॉक्टरने एक पद्धत सुरू केली: दोन रुग्णांना लग्न करायचं असेल तर करा, पण आधी पुरुषाने नसबंदी करून घ्यायची. कायदा नसताना हे होत होतं. पुढे १९४८ च्या कायद्याने त्याला अधिकृत जागा दिली. "निकृष्ट संतती जन्मू नये" असा हेतू त्या कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिला होता, आणि हे युद्ध संपल्यावर, नव्या लोकशाही राज्यघटनेखाली. तो १९९६ पर्यंत चालला. सुमारे २५,००० नसबंद्या, त्यातल्या १६,५०० च्या आसपास संमतीशिवाय. ३ जुलै २०२४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य होता असं सांगून सरकारला जबाबदार धरलं. फिर्यादी तोवर वृद्ध झाले होते. काही जण निकालाआधीच गेले.

दूरच्या देशांचंच बोलतोय असं वाटू नये म्हणून आठवण करते. १९९४ मध्ये आपल्याच राज्यात, शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली. कारण सांगितलं होतं पाळीच्या दिवसांतली स्वच्छता. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. त्या मुलींना कुणी विचारलं होतं?

नीलमोहर

पाऊलवाट, हो. मावशीलाही कोर्टात कुणी काही विचारलं नव्हतं. साक्ष डॉक्टरांची, आजोबांची, सासऱ्यांची. तिला फक्त नाव विचारलं.

एक_बाबा

सगळं वाचलं, दोनदा. रानवाटा ताई, "तुमच्या लग्नाची नव्हे" हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं.

एक सांगायचं राहिलं. मुलाच्या आधीची आम्हाला एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. ती वाहक असू शकते, ही शक्यता तिला लहानपणापासून माहीत आहे. गेल्या वर्षी तिने स्वतः जाऊन तपासणी करून घेतली. रिपोर्ट आला तेव्हा तिने लखोटा आमच्यासमोरच कपाटात ठेवला आणि म्हणाली, मी सांगेन तेव्हाच बघायचा. मला तेव्हा राग आला होता. वाटलं, यात लपवण्यासारखं काय आहे, आम्ही तर सगळं आयुष्य याच आजाराबरोबर काढलंय. नीलमोहर यांचा डबा वाचल्यावर राग गेला. लपवणं वेगळं आणि आपल्याजवळ ठेवणं वेगळं.

लखोटा अजून तिथेच आहे. परवा तिने विचारलं, या विषयावर घरच्यांशिवाय कुणाशी बोलता येईल का. तुमच्यासारखं कुणी असेल तर सांगाल का?

रानवाटा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. तिला एकटीलाच येऊ द्या. रिपोर्ट आणायचा की नाही तेही तिलाच ठरवू द्या.